चावी बदलापूरला असते

अंबरनाथला जाऊन आले म्हटलं की पुण्यात लोक एकच विचारतात, देऊळ पाहिलं का. पाहिलं. पण मी गेले होते एका वर्गखोलीसाठी, आणि तिच्याबद्दल सांगायला लागलं की समोरचा माणूस दुसऱ्या वाक्याला चहा ठेवायला उठतो. म्हणून लिहून काढते आहे.

मी जिथे नोकरी करते त्या संस्थेला लोकसहभागातून सुधारलेल्या सरकारी प्राथमिक शाळांवर एक पुस्तिका काढायची होती. डोंगरातल्या, नदीकाठच्या, फोटो चांगले येतील अशा शाळा सहकाऱ्यांनी पटापट वाटून घेतल्या. मला मीटिंगमध्ये हात वर करायला नेहमी उशीर होतो, म्हणून उरलेली अंबरनाथची शाळा माझ्याकडे आली. मी इंग्रजी शाळेत शिकले. आमच्या शाळेत आईबाबा फाटकाच्या आत यायचे ते फक्त निकालाच्या दिवशी, तेही शिपायाला नाव सांगून. शाळा लोकांची असते हे वाक्य मी नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा वाचलं. वाचताना ते खरं वाटलं होतं.

उल्हासनगर, कॅम्प १

सुरुवात चुकीच्या स्टेशनवर झाली. उल्हासनगरला जायचं म्हणून मी उल्हासनगरला उतरले. रिक्षावाला हसला. "एक नंबरला जायचंय तर शहाडला उतरायचं ना मॅडम. इकडे सगळे तेच करतात." मग गल्ल्यांतून, दुकानांच्या पाट्या, फर्निचर आणि हातगाड्या चुकवत त्याने मला टाइल्सच्या एका दुकानासमोर सोडलं. अंबरनाथच्या त्या खोलीची फरशी या दुकानातून फुकट गेली होती.

दुकानाचे मालक दयालदादा. सत्तरीचे, पांढरा सदरा, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी. मी वही काढली तर म्हणाले, "वो बाद में बेटा. पहले दाल-पकवान."

पुण्यात मी कुणाच्या दुकानात कामासाठी गेले तर पाणीसुद्धा मागून घ्यावं लागतं. इथे कुरकुरीत पकवानावर चण्याची डाळ, चिरलेला कांदा, चिंचेची चटणी असं ताट गल्ल्याशेजारीच आलं. पकवान मोडताना त्याचे तुकडे माझ्या ओढणीवर, वहीवर आणि एका नमुन्याच्या टाइलवर उडाले. मी ते गोळा करायला लागले तेव्हा दादा म्हणाले, "छोडो. फरशी है, पुसेल कोणीतरी. खाली सांडायलाच असते ती."

फरशी का दिली, हे मी विचारलं. त्यांनी गल्ल्यामागच्या भिंतीवरच्या एका फोटोकडे बोट केलं. डोक्यावर पदर घेतलेली, कॅमेऱ्याकडे जरा रागाने पाहणारी बाई.

"अम्मा. पार्टिशन के बाद इधर बॅरक में बच्चों को पढ़ाती थी. वरती पत्रा, खाली माती. बच्चे के कपड़े मिट्टी के, घर जाके मार खाते थे. मेरे को भी पडला मार. अम्मा बोलती थी, कधी पैसे आले तर किसी स्कूल में फ्लोअर डालना. और कुछ नहीं."

"टाइल तुम्ही निवडलीत?"

"मैं तो बोला, पोरं धावणार, पडणार, खुरदरीवाली घ्या. मॅट. तर ते नाना, अंबरनाथच्या देवस्थान कमिटीचे, म्हणाले, नको शेठ, चकाचक द्या, खाली बघितलं तर तोंड दिसलं पाहिजे." ते हसले. "दिली. दान में पसंद लेनेवाले की." मग म्हणाले, "बैठते हैं ना बच्चे उसपे? आरामसे?"

मी अजून शाळा पाहिलीच नव्हती. "उद्या बघते," म्हणाले. निघताना त्यांनी मुलांसाठी मिठाईचा एक मोठा खोका माझ्या हातात दिला.

अंबरनाथ

शालनताईंनी मला शिवमंदिरापाशी भेटायला सांगितलं होतं, कारण शाळेची गल्ली मला सापडणार नाही अशी त्यांची खात्री होती. मी लवकर पोचले. देऊळ काळ्या दगडाचं आहे आणि कोरीवकाम इतकं की डोळ्यांना टेकायला सपाट जागा सापडत नाही. गाभारा जमिनीच्या खाली, पायऱ्या उतरून. बाजूच्या नदीचा वास मात्र नाकाला सोडत नाही. मी मंडपात उभी होते तेव्हा एक म्हातारी दर्शन करून वर आली आणि देवाकडे पाठ होऊ नये म्हणून हात जोडून, पावलं मागे टाकत, अंदाजाने दारापर्यंत गेली. उंबऱ्याशी तिच्या टाचेला दगड लागला तरी ती वळली नाही. बाहेर बेलफूल विकणाऱ्या दुकानांतली मुलंही तसंच करत होती, खेळ म्हणून, एकमेकांना धडकत.

"बघितलंत देऊळ? चला, आता आमचं बघा."

शालनताई. तिशीच्या आसपास, वेणी घट्ट, पायात सेफ्टी शूज, कारण इथून त्या थेट कंपनीत दुसऱ्या पाळीला जाणार होत्या. पॅकिंगला आहेत. बुद्धविहाराच्या मागच्या वस्तीत राहतात. मुलगी सुजाता तिसरीत, आणि शालनताई शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष. ही समिती नियमाप्रमाणे पालकांची असते. खोली मात्र या समितीने बांधली नव्हती. खोली बांधली गावच्या देवस्थान कमिटीने, ज्यांच्याकडे देणगी गोळा करायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती.

ते पाहताक्षणी कळतं. जुन्या, पत्र्याच्या दोन खोल्यांच्या शेजारी ती नवी खोली उभी आहे. तीन पायऱ्या, स्टीलचा कठडा. दारावर पितळी घंटा. दाराबाहेर संगमरवरी फलक, त्यावर सोनेरी अक्षरांत देणाऱ्यांची नावं, मानाप्रमाणे. मला देवनागरी सावकाश वाचावी लागते, त्यामुळे मी सगळी नावं वाचली. नाना सगळ्यांत वर. दयालदादांची अम्मा शेवटून दुसऱ्या ओळीत, "स्मरणार्थ" म्हणून. खिडक्यांना जाळी, दाराला सरकतं ग्रिल, आणि ग्रिलला कुलूप.

पहिली ते चौथीची मुलं जुन्या खोल्यांत आणि व्हरांड्यात बसली होती. तिसरीचा वर्ग व्हरांड्यात, नव्या खोलीच्या ग्रिलला पाठ लावून.

"कधीपासून बंद आहे?" मी विचारलं.

"उद्घाटन झालं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून," शालनताई म्हणाल्या. "पोरं आत गेली. पाय मातीचे. ठसे उठले पांढऱ्या टाइल्सवर. नाना बघायला आलेले. काही बोलले नाहीत हां, रागावले पण नाहीत. स्वतः फडकं घेऊन पुसलं त्यांनी. मग कुलूप लावलं आणि म्हणाले, थोडे दिवस राहू दे. चावी बदलापूरला असते, त्यांच्या मुलाच्या फ्लॅटवर. पाहुणे आले की आणतात."

शाळेच्या बाई आमच्याशी बोलल्या, पण मुलांवरची नजर न हलवता. "मी तीनदा म्हटलं त्यांना. जास्त नाही म्हणू शकत. माझी बदली होईल, ताई. गाव इथेच राहणार."

शालनताईंना मात्र कुठे बदली नव्हती. गेल्या वर्षी वस्तीतले लोक मुलं काढायच्या बेतात होते. बदलापूर रोडला नवी इंग्रजी शाळा झाली आहे, तिची पिवळी व्हॅन वस्तीच्या तोंडाशी येते. शालनताई घरोघर फिरल्या. म्हणाल्या, आपण हात लावू, शाळा चांगली होईल, थांबा. बायकांनी कंपनीतून आल्यावर विटा वाहिल्या, स्लॅब पडल्यावर रोज संध्याकाळी त्यावर पाणी मारलं. आता जानेवारी होता. पुढच्या वर्षीचे प्रवेश सुरू झाले होते, आणि शनिवारी पालकसभा होती.

"सुजाताचे पप्पा रोज विचारतात, उघडली का खोली. ते म्हणतात, शनिवारपर्यंत बघतो, नाहीतर व्हॅनवाल्याला हो सांगतो. आणि आमचं एक घर गेलं की बाकीची कशाला थांबतील? मीच थांबवलेलं त्यांना."

सुजाता तेव्हा पाढे म्हणत होती. मधेच ती ग्रिलमधून हात घालून आतल्या फरशीला बोट लावून बघत होती. बहुधा गार लागत असावी.

"बदलापूरला जाऊया का?" हे मी विचारलं याचं मला नंतर आश्चर्य वाटलं. मी सहसा विचारत नाही.

बदलापूर

शुक्रवारी शालनताईंनी सुट्टी टाकली. बदलापुरात स्टेशनपासून थोडं पुढे गेलं की एकसारख्या उंच इमारती लागतात, मधे एखादं आंब्याचं झाड वाचलेलं. नाना राहतात तो मुलाचा फ्लॅट बराच वर होता. त्यांनी दार उघडलं, धोतराऐवजी ट्रॅक पँट, कपाळावर गंध, आणि चेहरा इतका प्रसन्न की मी मनातल्या मनात जुळवलेली वाक्यं विसरले.

"या, या. पुण्याहून आलात? आडनाव काय म्हणालात?"

मी म्हणाले नव्हते. सांगितलं. त्यांनी समाधानाने मान हलवली. शालनताईंना म्हणाले, "तू पण बस गं."

सोफ्याला अजून प्लॅस्टिक होतं. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत. शोकेसमध्ये काचेचे कप मांडलेले. नानांच्या पत्नीने, काकूंनी, त्यातला एक माझ्यासाठी काढून चहा दिला, शालनताईंना कागदी कपात. मग आग्रहाने जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, आणि मी मासे खाते हे कळल्यावर सुकटीची चटणी. भाकरी इतकी मऊ होती की मी दोन खाल्ल्या. हे लिहायला मला आवडत नाही, पण त्या संबंध प्रवासातलं सगळ्यांत चांगलं जेवण तेच होतं.

चावीचं शालनताईंनीच काढलं. "नाना, उद्या सभा आहे. पोरांना आत बसू द्या आता."

"बसतील की. वेळ येईल तेव्हा बसतील."

"कधी?"

नाना माझ्याकडे वळले, जणू प्रश्न मी विचारला होता. "मॅडम, मी शाळेत गेलो तेव्हा छप्पर गळायचं. गुरुजी छत्री धरून फळ्यावर लिहायचे. मी तिसरीत सोडली. तेव्हाच ठरवलेलं, गावात अशी खोली बांधीन की कोणी बोट ठेवू नये. आमच्या गावात देवळाशिवाय कशाला लोकांनी पैसे दिले नव्हते. मी घरोघर सांगितलं, हे पण देऊळच आहे. तेव्हा दिले."

"पोरांसाठीच ना ती, नाना?" शालनताई म्हणाल्या.

"पोरांसाठीच. म्हणून तर जपतोय. ही पोरं जातील, दुसरी येतील. खोली राहिली पाहिजे. गाभारा काय चोवीस तास उघडा ठेवतात? आणि तुमच्या वस्तीतली पोरं…" काकू आत गेल्या. "लहान आहेत. त्यांना काय कळतं."

"स्लॅबला पाणी मारलं तेव्हा वस्तीचं चाललं."

"श्रमदान केलंत, नाही कुठे म्हणतो मी? पण जबाबदारी कमिटीची आहे, बाळा."

मी काहीतरी म्हणायला हवं होतं. माझ्याकडून एवढंच आलं, "उद्यापुरती तरी." ते इतकं हळू होतं की काकूंनी आतून विचारलं, काय म्हणतात त्या.

नाना लगेच उठले. देवघरातून चावी आणली, लाल दोऱ्यात ओवलेली. शालनताईंनी हात पुढे केला होता. चावी त्यांच्या हातावरून माझ्या हातात आली. "तुम्ही पाहुण्या आहात, तुम्हाला नाही कसं म्हणू? फोटो काढा चांगले. उद्या संध्याकाळी खाली वॉचमनकडे ठेवून जा."

लिफ्टमध्ये शालनताई आरशात वेणी सारखी करत म्हणाल्या, "तुमचा कप बघितला? खाली स्टिकर होतं अजून. अगदी नवीन."

"हं."

"माझा पण नवीनच होता. फेकायला सोपा."

स्टेशनबाहेर एक चावीवाला बसला होता, सायकलच्या चाकाला चाव्यांचे झुबके लटकवून. मी थांबले. म्हणाले, डुप्लिकेट करून घेऊ. मला ती कल्पना धाडसी वाटली.

"आणि ठेवायची कोणाकडे, माझ्याकडे?" शालनताई म्हणाल्या. "कुलूप त्यांचं, चावी चोरीची, आत आमची पोरं. पकडतील कोणाला, तुम्हाला? तुम्ही त्या दिवशी पुण्यात असाल." मग जरा मवाळ होऊन, "चला. उशीर होतो. मला स्वयंपाक आहे."

पुन्हा अंबरनाथ

शनिवारी कुलूप मी उघडलं. ग्रिल सरकताना जराही आवाज झाला नाही, नानांनी तेल घातलेलं होतं. आत नव्या रंगाचा वास होता. पालक दारात चपला काढून, बिचकत आत आले. आत गेल्यावर दुसऱ्याच पावलाला मी घसरले आणि सगळ्यांदेखत बसले. त्यामुळे वातावरण जरा सैल झालं. एक आजी म्हणाली, "बाई गं, पोरं कशी टिकायची यावर?" आणि बायका हसल्या.

मुलांना मधोमध बसवलं. ती अजिबात गोंधळ करत नव्हती. खाली वाकून स्वतःचे चेहरे बघत होती. लोक भिंतींना हात लावून पाहत होते, पंखे बघत होते. सुजाताच्या वडिलांनी, ते रिक्षा चालवतात, खिडकी उघडून पाहिली आणि म्हणाले, "मग ठीक आहे की. असं असेल तर कशाला पाहिजे व्हॅन."

दोन-तीन जणांनी माना डोलावल्या. मी शालनताईंकडे बघत होते. त्यांना गप्प बसता आलं असतं. सभा तिथेच संपली असती, प्रवेशाचे दिवस निघून गेले असते, मुलं राहिली असती.

"नाही," त्या म्हणाल्या. "आज या मॅडम आल्यात म्हणून उघडलंय. संध्याकाळी चावी परत जाणार. सोमवारी पोरं व्हरांड्यातच."

मग मागून एक बाई म्हणाली, "मग आज कशाला बसवलंस आम्हाला?"

"बघून घ्या म्हणून. पाणी तुम्ही मारलंय. काय बांधलंत ते एकदा आतून बघा."

"कुलूप तोडू," एक जण म्हणाला.

"तोडा. सोमवारी पोलीस वस्तीत येतील, आणि मंगळवारी नवीन कुलूप."

सुजाताच्या वडिलांनी खिडकी लावली. बायकोकडे न बघता म्हणाले, "खोटं बोलली असतीस तर चाललं असतं गं मला." आणि चपला घालून निघून गेले. त्यांच्यामागे हळूहळू बाकीचे.

दयालदादांची मिठाई मी बाहेर वाटली. आत वाटायची हिंमत शाळेच्या बाईंनाही झाली नाही, मलाही नाही. मिठाईला बाहेर जायचं म्हणताच मुलं उठली. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. आपापल्या जागेवरचे ठसे त्यांनी रुमालाने, फ्रॉकच्या घेराने, बाहीने पुसले. मग पुसत पुसत ती मागे सरकू लागली, दाराकडे पाठ करून, खोलीकडे तोंड ठेवून, म्हणजे पुन्हा ठसा उठायला नको. हे चालणं त्यांनी कुठे पाहिलं होतं ते मला माहीत होतं. सुजाता सगळ्यांत शेवटी बाहेर आली. उंबऱ्यावर तिची टाच आपटली, पण ती वळली नाही.

कुलूप मी लावलं. संध्याकाळी चावी बदलापूरला वॉचमनच्या हातात दिली.

पुण्यात पोचले तर नानांचा मेसेज आला होता, गावाच्या ग्रुपवरून पुढे पाठवलेला. फोटोत मी ग्रिल उघडते आहे आणि शालनताईंचं कोपर तेवढं दिसतं आहे. खाली लिहिलं होतं, "पुणे येथील पाहुण्यांची आदर्श वर्गखोलीस सदिच्छा भेट". आमच्या संस्थेत तो फोटो सगळ्यांना आवडला. मी जे घडलं ते लिहून दिलं होतं. त्यातला फक्त इमारतीचा परिच्छेद छापला गेला.

दयालदादांना मी फोन करून खरं सांगितलं. "अम्मा का नाम है उसपे," एवढंच ते म्हणाले, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला.

जूनमध्ये शालनताईंशी बोलणं झालं. मागे कंपनीच्या भोंग्याचा आवाज येत होता. वस्तीतली बहुतेक मुलं पिवळ्या व्हॅनने जातात. सुजाताही. तिला टाय बांधायला येत नाही, वडील बांधून देतात. मूल शाळेत नाही म्हणजे समितीतही जागा नाही, त्यामुळे शालनताई आता अध्यक्ष नाहीत. उरलेल्या मुलांची शाळा दुसऱ्या शाळेला जोडणार अशी बोलणी चालू आहेत, असं बाईंनी जाता जाता सांगितलं. त्यांचीही बदली झाली.

"आणि खोली?" मी विचारलं.

"आहे ना. परवा नाना आलेले, सगळ्यांना दाखवत होते," शालनताई म्हणाल्या. "एक ओरखडा नाही म्हणे."